एम. ए. समाजशास्त्राचा प्रवेश : तालुक्याच्या कॉलेजातून विद्यापीठात निघालेल्यांसाठी

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवतो. दरवर्षी बी. ए.चा निकाल लागला की मुलं-मुली पेढे घेऊन येतात आणि विचारतात, "सर, आता विद्यापीठात जायचंय, फॉर्म कधी सुटतात?" तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण दिल्ली, हैदराबाद आणि टाटा इन्स्टिट्यूटच्या परीक्षेचे अर्ज त्याच्या चार-पाच महिने आधीच बंद झालेले असतात. मुलं हुशार असतात, त्यांना डिसेंबरात कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. ते डिसेंबरातलं सांगणं इथं सगळं एकत्र लिहून ठेवतोय.

हे मुख्यतः एम. ए.साठी आहे. बारावीनंतर बी. ए.ला समाजशास्त्र घ्यायचं असेल तर आपल्याकडच्या कॉलेजात प्रवेश अवघड नसतो, आणि त्यातलं वेगळं काही असेल ते मध्ये मध्ये सांगेन.

आधी विषय नीट ओळखा

समाजशास्त्र आणि समाजकार्य हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. हे पहिल्यांदा सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी एकाच्या जागी दुसऱ्याचा अर्ज भरून बसतं. समाजकार्य, म्हणजे एम. एस. डब्ल्यू., हे व्यावसायिक शिक्षण आहे. त्यात आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या संस्थेत, वस्तीत, दवाखान्यात जाऊन काम करावं लागतं, आणि माणसांना मदत कशी करायची हे शिकवलं जातं. समाजशास्त्रात माणसं एकत्र राहतात तेव्हा काय घडतं, का घडतं, आणि ते आपण कशावरून म्हणतो, हे शिकवलं जातं. वस्तीत तुम्ही इथंही जाल, पण प्रश्न विचारायला, मोजायला, ऐकायला आणि लिहायला जाल. दोन्ही चांगलेच आहेत. आपला कल कुठं आहे ते अर्जाआधी ठरवा.

आणखी एक. हा विषय "सोपा", "पासिंगचा" असं घरात, कॉलेजात ऐकायला मिळतं. त्यावर विश्वास ठेवू नका. भारतातला सगळ्यात जुना समाजशास्त्र विभाग आपल्या मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. १९२४ मध्ये त्याची सूत्रं मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांच्याकडे आली, आणि पुढं देशभर हा विषय रुजवणारी कितीतरी माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास ही त्यांतलीच. त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींचा उगम आणि त्यांची यंत्रणा यावर निबंध वाचला होता. आपल्या मुलांना बाबासाहेब संविधानामुळं माहीत असतात. ते जातीवर समाजशास्त्रीय लेखन करणारे अभ्यासक होते, आणि तो निबंध विद्यापीठात अभ्यासाला असतो, हे कळलं की मुलांच्या बसण्यात फरक पडतो. मी तो दर वर्षी पाहतो.

बी. ए.ला समाजशास्त्र नव्हतं, बी. एस्सी. किंवा बी. कॉम. झालंय, म्हणून मागं हटू नका. बऱ्याच विद्यापीठांत कुठल्याही शाखेचा पदवीधर एम. ए. समाजशास्त्राला अर्ज करू शकतो. किमान टक्क्यांची अट मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. तीन वर्षांची पदवी असेल तर एम. ए. दोन वर्षांचं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली असेल तर ते एका वर्षात करायची सोय आहे. ती सोय तुम्हाला हव्या त्या विभागात सुरू आहे का, हे विचारून घ्या.

कुठं कुठं अर्ज करायचा

तीन टोपल्या करा.

पहिली टोपली राज्यातल्या विद्यापीठांची. मुंबई विद्यापीठाचा विभाग कलिन्याच्या आवारात आहे, पुण्याचा गणेशखिंडीतल्या मुख्य आवारात. शिवाय छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूर, नांदेड, सोलापूर इथल्या विद्यापीठांत आणि त्यांच्या कित्येक संलग्न कॉलेजांत हा विषय आहे. "विद्यापीठाचा विभाग" आणि "संलग्न कॉलेज" यातला फरक ध्यानात घ्या. पदवी एकाच विद्यापीठाची मिळते, पण विभागात ग्रंथालय मोठं असतं, संशोधन करणारी मुलं आजूबाजूला असतात, चर्चासत्रं होतात. कॉलेजात घर जवळ असतं आणि खर्च कमी. मुलीला बाहेरगावी पाठवायला घर अजिबात तयार नसेल तर कॉलेजातलं एम. ए. घेऊन पुढची वाट काढता येते. थांबून वर्ष घालवण्यापेक्षा ते बरं.

दुसरी टोपली केंद्रीय विद्यापीठांची. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला समाजशास्त्र विभाग १९५९ मध्ये एम. एन. श्रीनिवासांनी उभा केला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक व्यवस्थांच्या अभ्यासाचं केंद्र आहे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ मराठवाड्यातल्या मुलांना रेल्वेनं एका रात्रीच्या अंतरावर. तिथं जाणं महाग असेल असं पालकांना वाटतं, पण उलट आहे. केंद्रीय विद्यापीठांचं शुल्क खासगी संस्थांच्या मानानं फारच कमी असतं, जेएनयूत तर शिक्षण शुल्क अगदी नाममात्र आहे. खरा खर्च जाण्या-येण्याचा आणि वसतिगृह मिळेपर्यंतच्या खोलीचा.

तिसरी टोपली समाजविज्ञानाच्या स्वतंत्र संस्थांची. १९३६ साली सुरू झालेली, मुंबईत देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजेच टाटा इन्स्टिट्यूट, सगळ्यांना ठाऊक असते. तिचं एक आवार आपल्याच तुळजापुरात आहे हे मात्र शेजारच्या तालुक्यातल्या मुलांनाही माहीत नसतं. तिथं समाजकार्य, ग्रामीण विकास यांसारखे शेजारचे विषय आहेत. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठही याच टोपलीत ठेवा. ते खासगी आहे, पण गरज असलेल्या विद्यार्थ्यांना शुल्कात मदत करतं.

प्रत्येक टोपलीतून निदान एक अर्ज करा. एकाच ठिकाणी जीव लावून बसू नका. गोव्यात राहणाऱ्यांसाठी गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे आणि तिथं पदव्युत्तर प्रवेशाला विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते.

वर्षाचं कॅलेंडर

तारखा दरवर्षी थोड्या पुढं-मागं होतात, पण क्रम बदलत नाही. केंद्रीय विद्यापीठांची एम. ए.साठीची सामाईक परीक्षा म्हणजे सीयूईटी पीजी. ती नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. म्हणजे तुम्ही बी. ए.च्या शेवटच्या वर्षाच्या पाचव्या सत्राची परीक्षा देत असता तेव्हाच. शेवटच्या वर्षाचा निकाल यायचा असला तरी अर्ज करता येतो, त्यासाठी थांबायचं नाही. टाटा इन्स्टिट्यूटचे पदव्युत्तर प्रवेशही अलीकडे याच परीक्षेतून सुरू होतात आणि पुढचा टप्पा संस्था स्वतः घेते.

राज्यातल्या विद्यापीठांचे अर्ज मे ते जुलैच्या दरम्यान सुटतात. काही ठिकाणी गुणवत्ता यादी, काही ठिकाणी विद्यापीठाची स्वतःची ऑनलाइन परीक्षा. पुणे विद्यापीठाच्या विभागांतल्या अनेक अभ्यासक्रमांना अशी परीक्षा असते.

बारावीच्या मुलांसाठी वेगळी परीक्षा आहे, सीयूईटी यूजी. ती २०२२ पासून सुरू झाली आणि मराठीतूनही देता येते. पीजीची समाजशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते.

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य : सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. परीक्षेनंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. दिल्ली विद्यापीठाची वेगळी, जेएनयूची वेगळी, हैदराबादची वेगळी. आमच्या एका मुलाला परीक्षेत फार चांगले गुण होते. तो घरी वाट बघत बसला की आता बोलावणं येईल. बोलावणं कुणाला येत नसतं. त्यानं माझ्याकडे येऊन विचारलं तेव्हा नोंदणीची मुदत संपून चार दिवस झाले होते. त्याच्या वडिलांनी दुकानातून उसनवारी करून परीक्षेचं शुल्क भरलं होतं. मला ते चार दिवस अजून टोचतात.

तेव्हा एक वही करा. एका पानावर एक विद्यापीठ. अर्जाची शेवटची तारीख, अर्ज क्रमांक, पासवर्ड, भरलेलं शुल्क, पुढची पायरी कोणती आणि ती कुठल्या दिवशी बघायची. मोबाइलमधले स्क्रीनशॉट फोन बिघडला की जातात, वही राहते. नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर किंवा ईमेल अर्जात कधीही देऊ नका. सगळे ओटीपी आणि सूचना त्याच पत्त्यावर जातात, आणि जुलैत त्यांच्या दुकानात गर्दी असते.

कागदपत्रं : इथं सगळ्यात जास्त मुलं अडकतात

पहिलं म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर स्वतःचं नाव आधी, आणि तिथं "ज्ञानेश्वर"चं इंग्रजी स्पेलिंग एक, गुणपत्रिकेवर दुसरं. राष्ट्रीय परीक्षेच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव लागतं, आणि ते आधारशी जुळलं नाही तर अर्ज अडकू शकतो. आज संध्याकाळीच दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. चूक असेल तर आधार दुरुस्तीला नोव्हेंबरातच जा. लग्न झालेल्या मुलींनी हे दोनदा बघावं. सासरचं नाव आधारवर चढलेलं असतं आणि शाळेचे कागद माहेरच्या नावाचे असतात, मग विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते.

दुसरं, आरक्षणाचे कागद. राज्यातली आणि केंद्रातली यादी वेगळी असते, आणि हे समजून न घेतल्यानं फार नुकसान होतं. केंद्रात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल हेच प्रवर्ग. आपल्याकडचे विमुक्त जाती, भटक्या जमाती अ-ब-क-ड, विशेष मागास हे प्रवर्ग तिथं नाहीत. म्हणून वंजारी किंवा धनगर समाजाचा विद्यार्थी राज्यात भटक्या जमातींत (एनटी) असला तरी केंद्रीय विद्यापीठात ओबीसी म्हणून अर्ज करतो, कारण या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. राज्यातलं मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. तिथं मराठा विद्यार्थ्याला, उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असेल तर, आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करता येतो.

ओबीसीचा नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा मागून घ्यावा लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला हवा. सेतू केंद्रात नुसतं "नॉन-क्रीमीलेयर द्या" म्हटलं तर राज्याचा मिळतो. "केंद्र शासनाच्या नमुन्यात पाहिजे" असं स्पष्ट सांगा, आणि हातात आल्यावर तिथंच उभं राहून वाचा.

जात वैधता प्रमाणपत्र एम. ए.च्या प्रवेशाला सगळीकडे मागत नाहीत, पण नसेल तर आजच अर्ज करा. ते पुढं नोकरीला लागणारच आहे आणि समितीकडून यायला वेळ लागतो.

तिसरं, एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना लागणारे कागद. कॉलेज सोडल्याचा दाखला, तुमच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात ते, आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र. मी स्वतः पुण्याला शिकायला गेलो तेव्हा मायग्रेशन नावाची चीज असते हेच मला माहीत नव्हतं. प्रवेश तात्पुरता झाला, आणि तो कागद आणायला दोन वेळा रात्रीच्या एस. टी.नं परत जावं लागलं. पहिल्या वेळी चलन चुकीच्या खात्यात भरलं होतं. तेव्हा निकाल लागला की गुणपत्रिकेबरोबर मायग्रेशनचाही अर्ज करून टाका. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र तयार ठेवा.

उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सगळा तालुका सेतूच्या रांगेत उभा असतो. सगळे मूळ कागद स्कॅन करून फाइलला इंग्रजीत साधं नाव द्या, ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा, आणि मूळ कागद कुठल्याही कार्यालयात पोच घेतल्याशिवाय सोडू नका.

अभ्यास कसा करायचा

सीयूईटी पीजीत ७५ प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलेल्याला १ गुण वजा. सगळं संगणकावर, पर्यायी उत्तरांचं. गाइड पाठ करणाऱ्यांची इथं फसगत होते, कारण प्रश्न जोड्या लावायचे, विधानांची सांगड घालायचे असतात. दुर्खाइमनं १८९७ साली आत्महत्येवर लिहिलं हे पाठ असून भागत नाही. आत्महत्या ही इतकी खासगी गोष्ट असूनही तिचं प्रमाण धर्म, कुटुंब, समाजाशी असलेली बांधिलकी यांप्रमाणे बदलतं, असं त्यानं कसं दाखवलं ते समजायला हवं. तेवढं समजलं की त्यातून निघणारे चार प्रश्न आपोआप सुटतात.

सुरुवात बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांपासून करा. ती मराठीत आहेत आणि संकेतस्थळावर मोफत मिळतात. मग एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीतून वाचा, तीही मोफत आहेत. आधी मराठीत कळलेलं असलं की इंग्रजी वाचताना भीती कमी होते. अडलेल्या संज्ञेला मराठी विश्वकोश उघडा, तो ऑनलाइन आहे. एवढ्यानं पाया होतो. त्यावर बी. ए.च्या वर्गातली विचारवंतांची आणि संशोधन पद्धतीची टिपणं. मार्क्स, वेबर, दुर्खाइम पक्के करा. भारतीयांत घुर्ये, श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे, आंबेडकर. विषय म्हणून जात, आप्तसंबंध, स्तरीकरण, धर्म, ग्रामीण-नागरी समाज, लिंगभाव. संशोधन पद्धती मुलं शेवटी ठेवतात आणि मग राहून जाते. ती आधी करा, त्यातले गुण पक्के असतात.

एक दोन रकान्यांची वही सुरू करा. डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी शब्द, पण देवनागरीत उच्चारही लिहा : आप्तसंबंध – किनशिप, स्तरीकरण – स्ट्रॅटिफिकेशन, दर्जा – स्टेटस, सामाजिक गतिशीलता – सोशल मोबिलिटी. आणि प्रत्येक शब्दाखाली आपल्या गावातलं एक उदाहरण. "दर्जा आणि भूमिका" याखाली माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं : आजी अंगणात बसली की आई डोक्यावर पदर घेते, आजी दवाखान्यात गेली की आई मोबाइलवर मोठ्यानं बोलते. ही नोंद ज्याला सुचते त्याला विषय कळायला लागला असं समजा.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. दीड तासात ७५ प्रश्न म्हणजे प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहून लांब येऊ शकतं, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.

उद्देशपत्र आणि मुलाखत

दिल्ली विद्यापीठ किंवा जेएनयूत एम. ए.ला मुलाखत नसते. टाटा इन्स्टिट्यूट, अझीम प्रेमजी यांसारख्या ठिकाणी मात्र तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे हे लिहून किंवा बोलून सांगावं लागतं. पुढं फेलोशिप आणि पीएच. डी.लाही ते लागतंच. म्हणून ते एकदा नीट शिकून घ्या.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं मला तिचं उद्देशपत्र दाखवलं. सुरुवात अशी होती : "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. समाजातील विविध समस्यांचा अभ्यास करून समाजाची प्रगती करणे हे माझे ध्येय आहे." मी तिला विचारलं, घरचे काय करतात? ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, ऊस तोडायला जातात. मग अर्धा तास ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी तिनं नवं पान आणलं :

"आमच्याकडे कोयता हे फक्त अवजाराचं नाव नाही. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला देतो. एकटा मुलगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून दसऱ्यानंतर गाड्या निघायच्या आधी आमच्या तांड्यावर लग्नं होतात. माझ्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं. लोक म्हणतात बालविवाह अडाणीपणामुळं होतात. मला वाटतं मजुरी मोजण्याच्या पद्धतीचाही त्यात हात आहे. हे खरं आहे का, आणि ते कसं तपासायचं, हे मला शिकायचं आहे."

त्यात एकही मोठा शब्द नाही. पण एक निरीक्षण आहे, एक प्रचलित समजूत आहे, तिला दिलेलं आव्हान आहे, आणि ते तपासण्याची इच्छा आहे. संशोधनाचा आराखडा याहून वेगळा नसतो. तुमच्या घरात ऊसतोड नसेल, पण पिठाची गिरणी असेल, बोअरवेल असेल, यात्रेतला मान असेल, आठवडी बाजारात कोण कुठं बसतं याचा न बोललेला नियम असेल. त्यातलं एक निवडा आणि तीन गोष्टी लिहा : मी काय पाहिलं, लोक त्याचं कारण काय सांगतात, मला काय शंका येते. स्वतःची गरिबी दाखवून दया मागायची नाही. जे जगलो त्याकडे बघायची नजर दाखवायची.

मुलाखतीला हेच बोला. एखादं पुस्तक वाचलंय म्हणून सांगितलं तर त्यावर विचारतील, म्हणून न वाचलेलं नाव घेऊ नका. उत्तर येत नसेल तर "हे मी वाचलेलं नाही" म्हणा, त्यानं काही बिघडत नाही. इंग्रजी अडलं तर मराठी किंवा हिंदीत बोलू का, असं सरळ विचारा.

पैसे आणि राहायची सोय

घरात आधी हाच विषय निघतो, म्हणून आधीच आकडे मांडून बोला. राज्यातल्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर असतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शुल्क योजना, तिची मर्यादा आठ लाख. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, आणि इतर मागास, विमुक्त, भटक्या विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या पैशातून खोली आणि मेस भागवता येते. फक्त हप्ता उशिरा जमा होतो, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय हाताशी ठेवूनच निघा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन बघा, नाहीतर मंजूर झालेले पैसे अडकतात.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो, तो प्रवेश पक्का झाल्याच्या दिवशीच भरा. पुणे विद्यापीठात "कमवा आणि शिका" योजना आहे. ग्रंथालयात, विभागात काही तास काम केलं की हातखर्च निघतो, आणि ग्रंथालयात काम मिळालं तर पुस्तकांची ओळख होते ती वेगळीच.

"हे शिकून करणार काय?" याचं उत्तर घरी खरं द्या. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि कायम जागा कमी आहेत. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढलेले माझे मित्र आहेत, तेव्हा तेवढ्याच आशेवर येऊ नका. केंद्रीय लोकसेवा आयोगाला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे आणि राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीतही तो घेता येतो. शिवाय सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, आरोग्य आणि शिक्षणातले प्रकल्प, पत्रकारिता या ठिकाणी माणसांशी बोलून माहिती गोळा करणारी, ती नीट मांडणारी मुलं लागतात.

यादीत नाव आलं नाही तर

पहिल्या यादीत नसलात तर दुसरी, तिसरी लागते, शेवटी रिक्त जागांची फेरी असते. अनेक मुलं दोन-तीन ठिकाणी जागा धरून ठेवतात आणि ऑगस्टपर्यंत सोडत जातात. रोज सकाळी संकेतस्थळ बघा, विभागात फोन करा, जमलं तर स्वतः जा. यादी लागल्यावर शुल्क भरायला अनेकदा दोन-तीनच दिवस असतात, तेवढे पैसे खात्यात आधीच असू द्या.

कुठंच नाही झालं तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं एम. ए. समाजशास्त्र आहे. त्याला जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश होतात, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. नोकरी करणाऱ्यांना आणि घर सोडता न येणाऱ्या बायकांना मी तेच सुचवतो, आणि त्याचं अभ्याससाहित्य तर नियमित विद्यार्थ्यांनीही वाचावं इतकं चांगलं आहे.

प्रवेश झाला, तर पहिल्या दिवशी वर्गात बहुतेक इंग्रजी बोलणं ऐकून छातीत धडधडेल. माझ्याही झालं होतं. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, ते विभागात पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. मराठीत लिहिलं तरी रोज दोन पानं इंग्रजी वाचायची सवय सोडू नका. मागच्या बाकावर बसू नका. आणि ती दोन रकान्यांची वही बरोबर घेऊन जा, उजवीकडचा रकाना तिथं वर्गात भरत जाईल.

ऊसतोडीबद्दल लिहिणारी ती मुलगी आता एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आली की टोळी निघायच्या आधी मुकादमाशी आणि बायांशी बोलते, तिच्या प्रबंधिकेचा विषय उचल हाच आहे. मागच्या महिन्यात तिनं मला फोन केला होता, तिच्या धाकट्या चुलतभावासाठी. तो बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिनं विचारलं ते असं : "सर, त्याच्या आधारवर नाव चुकलंय, आत्ताच दुरुस्तीला पाठवू ना?"